बग्गीच्या मखमलीचं म्यान

देवास, ९ सप्टेंबर २०२४

हंबीररावसाहेबांना भगवंत जिनगरचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. पण गेल्या आठवड्यात फोनवर जो माणूस "एअर रायफल, लेकीसाठी एअर रायफल" म्हणून ओरडत होता आणि तुम्ही "हो हो, यंदा सोयाबीन बरं आहे" म्हणालात, तो मीच. यशराजभियानं नंतर सांगितलं, आजोबांना फोनवर ऐकू येत नाही, पत्र लिहा, पत्र ते दोनदा वाचतात. माझी शाळा हिंदीतली, मराठी घरातली. बोलतो तसं लिहितो, सांभाळून घ्या.

यशराजभियानं त्याची रायफल मोबाइलवरच्या जुन्या सामानाच्या बाजारात विकायला लावली होती, ती मी घेतली. पैसे त्याच्याकडे पोचले. तो नोकरीला तिकडे डही गावाला, दसऱ्याशिवाय सुट्टी नाही. रायफल तुमच्याकडे धारला. आता ती देवासला आणायची कशी, एवढाच सवाल आहे. दोन कुरियरवाल्यांकडे गेलो. छर्ऱ्याची आहे, परवाना लागत नाही, खेळाची आहे, सगळं सांगितलं. एक म्हणाला, "अंकल, बंदूक तो बंदूक है." दुसरा दोन पावलं मागे सरकला.

मी स्वतः आलो असतो, पण कमरेच्या मणक्यानं दगा दिलाय. ट्रॅक्टरपासून बग्गीपर्यंत सगळ्यांना बसायच्या गाद्या करून देणारा मी, आणि डॉक्टरनं मलाच बसायची मनाई केलीय! लेक म्हणते मी आणते. तिची आई सीता म्हणते, परक्या घरी पोरगी एकटी बंदूक आणायला जाणार नाही.

म्हणून या पत्राबरोबर एक खोळ पाठवतोय, मीच शिवलेली. आत फोम, वर मखमल. रायफल आत घाला, बंद आवळून बांधा आणि इंदूरच्या बसवाल्याकडे द्या. पुढचं मी बघतो. वरून कुणाला कळणार नाही आत काय आहे.

घाई अशासाठी की उर्वशीची (माझी धाकटी लेक, एकोणीस पूर्ण) नेमबाजीची निवड-चाचणी वीस ऑक्टोबरला आहे. क्लबात चौघींत एक रायफल. हिचा हात बसतो न बसतो तोच दुसरीची पाळी. स्वतःची असेल तरच काही खरं.

एक विचारू? फोनवर तुमच्या मागून एका बाईंचा आवाज आला, "मुलगी कुणाची? नाव तरी विचार!" माझे कान जरा तिखट आहेत. त्या कोण?

आपला,
भगवंत जिनगर


धार, १५ सप्टेंबर २०२४

रा. रा. भगवंतराव जिनगर यांस हंबीररावांचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. पत्त्यात तुम्ही फक्त देवास लिहिलंत. थोरली पाती की धाकटी, म्हणजे दोन राजांपैकी कुणाचं देवास, ते नव्हतं. आमच्या लहानपणी हे लिहिल्यावाचून देवासचं पत्र पुरं होत नसे. मी अंदाजे थोरली लिहितो आहे.

खोळ फार सुरेख झाली आहे. लाल मखमल, सोनेरी कडा, आणि वर जरीनं काढलेलं चि. उर्वशीचं नाव. यशराजची रायफल तीत अशी बसली की जणू मापच घेतलं होतं.

फोनवर ऐकलेला आवाज माझ्या थोरल्या बहिणीचा. तिला सगळे अक्का म्हणतात. वय ब्याऐंशी, दात गेले, दरारा शाबूत. खोळ तिनंच उघडली. बराच वेळ हात फिरवत बसली, मग माझ्यापाशी येऊन काही काही बोलली. खरं सांगतो, तिचं बोलणं मला निम्मं ऐकू येतं. आता या वयात "काय म्हणालीस?" किती वेळा म्हणायचं? ती बोलते, मी मान हलवतो. घर त्यावरच चाललं आहे.

रायफल उद्याच्या बसनं पाठवणार होतो, पण अक्का म्हणते थांब. तिनं विचारायला सांगितलं आहे की मुलीची उंची किती, हात कसा आहे, दृष्टी कशी, स्वभाव शांत आहे की तापट. रायफल अंगाला बसेल ना, या काळजीनं विचारत असावी. तिच्या माहेरी, म्हणजे आमच्याच घरी, शस्त्रांची जाण सर्वांना होती.

कळावे, लोभ असावा.
हंबीरराव


देवास, १९ सप्टेंबर २०२४

हंबीररावसाहेब, नमस्कार.

दुकान थोरल्या पातीत, घर धाकट्या पातीत. तुमचं पत्र दुकानावर आलं, म्हणजे अंदाज बरोबर.

अक्कासाहेबांनी जे विचारलं ते विचारणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. क्लबच्या कोचनंसुद्धा इतकं विचारलं नव्हतं! त्यांना सांगा: उंची पाच फूट तीन. हात लांब. दृष्टी अशी की समोरच्या छतावरच्या मुंगीची चाल सांगेल. शांत म्हणाल तर दिवाळीत कानाशी सुतळी बॉम्ब फुटला, मी उडालो, तिची पापणी लवली नाही. श्वास रोखून धरते तेव्हा आपल्यालाच गुदमरल्यासारखं होतं. एका जागी तासभर उभी राहते, हूं की चूं नाही.

एक खोड आहे, लपवत नाही. पोरगी डावरी आहे. उजव्या हाताच्या माणसासाठी केलेल्या दस्त्यावर, म्हणजे खांद्याला लावायच्या मागच्या भागावर, तिचा गाल नीट टेकणार नाही. पण ते माझ्यावर सोडा. चामड्याची उशी शिवून बसवतो.

आता पाठवा साहेब. काल कोचनं विचारलं, "कब आ रही है?" उर्वशी म्हणाली, "रस्ते में है." तिला खोटं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

भगवंत


धार, २४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. सीताबाईस अक्काचे अनेक आशीर्वाद.

पुरुषांनी पुरुषांना लिहिलं, आता बायकांचं आपण लिहू. तुमच्या यजमानांचं पत्र मी वाचून घेतलं. मुलीत जे आहे ते सांगितलं आणि जे उणं आहे तेही लपवलं नाही, हे मला आवडलं. डावरेपणाची आमची हरकत नाही. आमची आजेसासू डावरी होती, तिच्या हातचं पुरण गावात नावाजलेलं.

शस्त्र अजून का निघालं नाही म्हणून मनात काही आणू नका. पितृपक्ष चालू आहे. या पंधरवड्यात असलं शस्त्र उंबरठा ओलांडत नाही. पुढं घट बसतील तेव्हा ते देवीपुढे ठेवू, खंडेनवमीला पूजा होईल, आणि दसऱ्यानंतर चांगल्या दिवशी निघेल. आमच्यात लग्नाला वर येऊ शकला नाही तर त्याचा खांडा, म्हणजे तलवार, पाठवण्याचा रिवाज होता. माझ्या आत्याबाईंचं असंच झालं. नवरदेव आजारी पडले, खांडा पालखीतून आला, मुंडावळ्या त्यालाच बांधल्या. त्या सांगत, "माझ्या दादल्याआधी त्याची धार पाहिली मी." आमचा यशराजही नोकरीनं अडकलेला, म्हणून त्यानं आधी आपलं शस्त्रच पाठवायचं ठरवलं. गेली तीन वर्षं दाखवलेल्या प्रत्येक मुलीला नाही म्हणाला आणि शेवटी असा बोलला! या पिढीत रिवाज कुणाला ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं.

खरं लिहिते. खोळीवरचं नाव आणि तुमचं आडनाव वाचून आधी मी तीन दिवस जेवणावर रागावले होते. मग मनाशी म्हटलं, आमच्या तलवारींची म्यानं पिढ्यान्‌पिढ्या जिनगरांच्या हातची; म्यान चालतं तर माणूस का नाही?

तुमचं देवक कोणतं ते कळवा.

अक्का


देवास, २८ सप्टेंबर २०२४

हंबीररावसाहेब,

हे काय चाललंय?

तुमच्या अक्कासाहेबांचं पत्र सीतेच्या नावानं आलं. तिनं वाचलं, पदर सावरला आणि म्हणाली, "अहो, ही मागणी आहे." मी म्हटलं, वेडी आहेस, रायफल विकणाऱ्या घरातून मागणी कशाला येईल? मी चार वेळा वाचलं. देवक आहे, खांडा आहे, मुंडावळ्या आहेत, पुरण आहे. फक्त रायफल नाही.

साहेब, पंधरा वर्षांचा असताना दुसऱ्याच्या दुकानात टाके घालायला बसलो. आज माझं दुकान आहे ते या कानांच्या जिवावर. गिऱ्हाईक "बघतो" म्हणालं तर घेणार की जाणार, हे मला त्याच्या "ब"वर कळतं. पण तुमच्याशी बोलताना कान फक्त रायफलीकडे लावून बसलो होतो. उंची विचारली, मला वाटलं दस्त्यासाठी. स्वभाव विचारला, मला वाटलं नेमासाठी. आता माझी जुनी पत्रं आठवली की घाम फुटतो. "एका जागी तासभर उभी राहते, हूं की चूं नाही" असं मी स्वतःच्या हातानं लिहिलंय!

यशराजभियाला फोन लावला. डहीला टॉवर कधी असतो कधी नसतो. एकदा लागला, मी म्हटलं, "भिया, तू लग्न करतोयस का?" तो म्हणाला, "किसका?" आणि कटला. त्यालाही काही ठाऊक नसावं.

उर्वशीला सांगावंच लागलं. म्हणाली, "पप्पा, मुझे राइफल चाहिए, दूल्हा नहीं." आणि क्लबात निघून गेली. तिथं तिची पाळीही नव्हती.

आता सांगा, मी काय करू? नाही म्हणावं तर मोठ्या घराचा अपमान, आणि रायफल तुमच्या देवघरात. हो म्हणावं तर लेक घरात राहायची नाही. चाचणी तोंडावर आलीय. नुसतं चूप बसावं तर त्यालाही तुमच्याकडे होकार म्हणत असतील, काय भरवसा!

भगवंत


धार, ३ ऑक्टोबर २०२४

रा. रा. भगवंतराव यांस,

तुमचं पत्र वाचून मी चष्मा पुसला आणि ते पुन्हा वाचलं.

चूक सर्वस्वी माझी. मखमल पाहून अक्का माझ्याकडे आली होती ना, तेव्हा ती म्हणाली होती, "यशराजनं देवासची मुलगी पसंत केली आहे, त्याचं शस्त्र मागायला तिच्या घरून लग्नाची खोळ आली आहे, तुझी संमती आहे ना?" मी मान हलवली. मग म्हणाली, "लोक आपल्यातले नाहीत, तरी चालेल?" मी मान हलवली. हे सगळं मला आज कळलं, कारण आज मी प्रथमच तिला कागदावर लिहून द्यायला सांगितलं. तिनं तेच पुन्हा लिहून दिलं, खाली एक ओळ जास्त: "तू इतक्या मोठ्या मनाचा असशील असं वाटलं नव्हतं." भगवंतराव, मला फार लाज वाटली. आणि थोडा आनंदही झाला, तो का झाला कळत नाही.

तिला खरं सांगायचं धैर्य मला होत नाही. मनावर गावच्या नातलगांना तिनं कळवूनसुद्धा टाकलं आहे. आज घट बसले. रायफल तुमच्या खोळीसह देवीपुढे आहे, हळदकुंकू वाहिलेली. आता दसऱ्यापर्यंत तिला हात लावता येत नाही. माझ्या घरात तो लावणारा अजून जन्मला नाही.

तुम्हीच अक्काला लिहा. तिच्याशी बोलायला मोठा आवाज लागत नाही, छाती लागते.

हंबीरराव


देवास, ७ ऑक्टोबर २०२४

अक्कासाहेबांना भगवंतचा साष्टांग नमस्कार.

बसून लिहिता येत नाही, दुकानाच्या टेबलाशी उभा राहून लिहितोय. म्हणजे तुमच्यासमोर उभा आहे असंच समजा.

तुमच्या घरून निघणारी ती रायफल यशराजभियानं मला विकली, माझ्या लेकीनं खेळावं म्हणून. त्यानं उर्वशीला पाहिलेलं नाही, तिनं त्याला पाहिलेलं नाही. मखमल लाल आहे कारण नवरदेवाच्या बग्गीच्या सीटचा तुकडा उरला होता. सोनेरी कड बग्गीचीच. नाव काढलं कारण क्लबात सामान बदलतं. तुम्ही खोळीत लग्न वाचलंत. त्यात तुमची चूक नाही. बग्गीत बसायला केलेली वस्तू मी बंदुकीला नेसवली.

उर्वशीला आत्ता लग्न करायचं नाही. तिला पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी दहा मीटरवरच्या कागदावर, मुगाच्या दाण्याएवढ्या ठिपक्यावर नेम मारायचा आहे. दुसरं तिला काही दिसत नाही. रायफल मिळाली नाही तरी ती जाईल, क्लबातली घेऊन, जी आदल्या संध्याकाळी दुसरीच्या खांद्यावर असेल. हरली तर मला काही बोलणार नाही. तेच मला ऐकवणार नाही.

आता मनातलं. आमचे आजोबा दरबारासाठी म्यानं शिवायचे. म्यान द्यायला मागल्या दारानं जायचे. आत कोणती तलवार जाते हे त्यांनी कधी पाहिलं नाही. नुसतं माप यायचं. मी ट्रॅक्टरच्या गाद्या शिवल्या, स्कूटरच्या शिवल्या. पण आमच्याच घरात राहणाऱ्या हत्यारासाठी म्यान शिवलं ते हे पहिलं. म्हणून मखमल काढली. तुम्ही ते म्यान उघडून आमच्या घराला "चालेल" म्हणालात, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तरी उत्तर नाही असंच आहे. रागवा, पण रायफल अडवू नका.

भगवंत


धार, १३ ऑक्टोबर २०२४

चि. भगवंतास आशीर्वाद.

पत्र मिळालं तेव्हा नवमीची पूजा चालली होती. वाचलं, घडी करून कमरेला खोचलं आणि आरती पुरी केली. आरतीत माझा सूर चुकला. हंबीरालासुद्धा तो ऐकू गेला म्हणे.

राग आला. तुझा नाही. खरं तर कुणाचा ते ठरेना. नातसून येणार म्हणून मी आईच्या पाटल्या उजळून ठेवल्या होत्या. त्या परत पेटीत ठेवल्या. झालं.

काल यशराज आला. त्याला सगळं सांगितलं. पोट धरधरून हसला. मग एकदम थांबला आणि म्हणाला, "अक्का, ती डावरी आहे? मग माझा दस्ता तिला कसा चालणार?" आणि जेवेपर्यंत त्याच काळजीत होता. तुझं चामड्याच्या उशीचं लिहिलेलं त्याला दाखवलं तेव्हा त्याचं समाधान झालं.

शस्त्र अडवण्याचा प्रश्न नाही. देवीपुढून उठलेला खांडा परत खुंटीला टांगत नाहीत. ज्या घरी निघाला त्या घरी तो जातोच. पण एक ऐकून ठेव. शस्त्र बसच्या टपावर, कांद्याच्या पोत्याशेजारी जात नसतं. ते माणसाच्या हातून जातं. यशराजला आजच डहीला परतायचं आहे. हंबीरा वाटेत कुणाशीही मान हलवील. तेव्हा गुरुवारी मी येते.

अक्का


देवास, २२ ऑक्टोबर २०२४

हंबीररावसाहेब, नमस्कार.

अक्कासाहेब आज सकाळच्या गाडीनं निघाल्या, पोचल्या असतील. त्यांनी तुम्हाला किती सांगितलं आणि तुम्हाला किती ऐकू आलं ठाऊक नाही, म्हणून सगळं लिहितो.

गुरुवारी दुकानासमोर रिक्षा थांबली. नऊवारी, काठी, आणि मांडीवर आडवी ती लाल खोळ. इंदूरच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं म्हणे, "माँजी, सितार है क्या?" त्या म्हणाल्या, "हां बेटा, एकच सूर निकलता है." त्यानं त्यांना खिडकीची जागा दिली.

उर्वशी पाया पडली. अक्कांनी तिला उभं केलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं, खोळ तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "डाव्यानं घे. तुझा हात तोच." सीता मला कोपरानं ढोसत होती, मी तिला ढोसत होतो. दोघांनाही कळेना हसावं की रडावं.

मी उभ्यानंच दस्त्याची उशी शिवली. अक्का बाजूला बसून सुईकडे बघत होत्या. दोनदा सोडवून पुन्हा शिवायला लावली. "गाल टेकला की विसर पडला पाहिजे," म्हणाल्या. कोचही तेच म्हणाला, पण शिवून झाल्यावर.

रविवारी मला व्हॅनच्या मागच्या सीटवर आडवं घालून इंदूरला नेलं. अक्का पुढे. हॉलमध्ये मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, बघवत नव्हतं. कानांनीच पाहिलं. टप्, मग श्वास, मग टप्. एकसारखं, शिलाई मशीन धीम्या चालीवर चालावं तसं. मग एकाएकी काहीच नाही. श्वास रोखल्याचं कळलं, आणि पुढचा टप् आलाच नाही. वळून पाहिलं तर पोरीनं रायफल न झाडता खाली घेतली होती. वेळ संपत आलेली, बाकीच्या सटासट मारत होत्या, आणि ही खाली घेऊन उभी! सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं अक्का म्हणाल्या, "शाबास! उपसलेला खांडा परत ठेवता येतो तिलाच तो चालवता येतो." पंचांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पंचांकडे पाहिलं. पंचांनी मान फिरवली.

उर्वशीनं पुन्हा खांद्याला लावली. टप्.

निवड झाली, साहेब. राज्याच्या संघात. सीतेनं तिथंच पेढा मोडला, पहिला तुकडा रायफलीच्या नळीला लावला. पुसायला मला पुढे अर्धा तास लागला.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. आता घोटाळा ऐका. आज सकाळी अक्का निघाल्या तेव्हा खोळ त्यांच्या काखेत होती. रिकामी. मी म्हटलं, अक्कासाहेब, खोळ राहिली. त्या म्हणाल्या, "राहिली नाही. शस्त्र तुमच्याकडे, म्यान आमच्याकडे, असाच रिवाज आहे." आणि त्याआधी मोरीत पाणी सुरू असताना स्वयंपाकघरात त्यांनी सीतेला हळूच विचारलं, "देवक सांगितलं नाहीस अजून." सीता म्हणाली, "पंचपल्लव." माझे कान तिखट आहेत, मी आधीच लिहिलं होतं. सीतेला विचारलं तर म्हणते, विचारलं म्हणून सांगितलं.

वर उर्वशीच्या फोनवर काल यशराजभियाचा मेसेज आला, उशी कशी बसली म्हणून. तिनं उशीचा फोटो पाठवला. त्यानं दुसऱ्या बाजूनं पाठव म्हटलं. तिनं दुसऱ्या बाजूनं पाठवला. डहीला टॉवर नाही म्हणतात ना?

तेव्हा एवढंच कळवा. म्यान परत नेण्याचा रिवाज खरंच आहे का? असला तर त्याचा अर्थ काय? आणि मी आता रायफल विकत घेतलेला माणूस आहे, की दुसरा कुणी?

तुमचा, पूर्ण गोंधळलेला,
भगवंत


धार, २७ ऑक्टोबर २०२४

प्रिय भगवंतराव,

चि. उर्वशीचं मनापासून अभिनंदन. तिला माझा आशीर्वाद सांगा.

अक्का सुखरूप पोचली. आल्याबरोबर पेटी उघडून पाटल्या पुन्हा बाहेर काढल्या आणि रांगोळीच्या पुडीनं घासत बसली. खोळ देवघरात, खुंटीला टांगली आहे. मी या घरात अठ्ठ्याहत्तर वर्षं राहतो आहे, असला रिवाज ऐकल्याचं आठवत नाही. पण माझ्या ऐकण्याबद्दल तुम्हाला ठाऊकच आहे.

तुमचा प्रश्न मी तिला नीट विचारला. ती माझ्याजवळ बसली आणि बराच वेळ बोलली. मधे एकदा हसली, एकदा डोळे पुसले.

मी मान हलवली.

हंबीरराव